जाळीतून ऐकू येणारं

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्याशी बोलायचं म्हटलं तर आधी माझाच ठावठिकाणा सांगावा लागेल. जालन्याची ती पत्र्याची खोली आम्ही केव्हाच सोडली. मी आता बदनापूरला राहते, स्टेशनापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. ह्यांची नोकरी इथल्या शाळेत, म्हणून घरही इथंच बांधलं. आई माझ्याजवळ असते. थकली आहे, पण अंगणातली लिंबाची पानं सकाळी तीच झाडते, खराट्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तुमची नात पुण्याला नोकरी करते. ती तुमच्या मांडीवर खेळली तेव्हा तिला दातही आले नव्हते. आणि मी घरात बसून दुसऱ्यांचं बोलणं ऐकते. हेच माझं काम. शेतीचा अभ्यास करणारी माणसं मंठ्याकडं, भोकरदनकडं गावोगाव हिंडतात, शेतकऱ्यांशी बोलतात, ते बोलणं रेकॉर्ड करतात आणि ते उतरवून काढायला माझ्याकडे पाठवतात. शहरातल्या मुलांना आपल्याकडची भाषा उमगत नाही. एखादा म्हणतो, ‘मी कापूस येचून राह्यलो,’ म्हणजे वेचतो आहे, तर ती मुलं लिहितात की हा कापूस वेचून तिथंच राहिला. मग ते काम माझ्याकडे येतं. मला ते बोलणं लिहिताना धावड्याच्या पारावर बसल्यासारखं वाटतं. तुमचं गाव, तुमची बोली, आणि मी पंख्याखाली बसून ती टाइप करते आहे. तुम्हाला हे काम आहे हे पटलं नसतं.

ह्या कामाला हेडफोन लागतो. तुम्ही गेलात तेव्हा वॉकमन होते, त्याचे ते स्पंजवाले कान होते, तर तसलंच, पण मोठं. आधी माझ्याकडे जो होता तो काळ्या रेक्झिनच्या गाद्यांचा, दोन्ही कान पूर्ण झाकून टाकणारा. डोक्यावर चढवला की बाहेरचं जग बंद. सुरुवातीला मला ते आवडायचं. मिक्सर नाही, टीव्ही नाही, गल्लीतलं भांडण नाही. पण आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. एप्रिलमध्ये त्या गाद्यांखाली कान अक्षरशः शिजायचे. घाम कानामागून मानेवर उतरायचा, चष्म्याच्या काड्या कानाच्या मुळाशी रुतून बसायच्या, आणि संध्याकाळी हेडफोन काढला की कान लालबुंद, हात लावला तरी दुखायचे. आवाजही मी हळूहळू वाढवत गेले होते. कधी वाढवला ते कळलं नाही. शेतकरी माणूस कधी तोंड फिरवून बोलतो, कधी तंबाखू मळत बोलतो, मागे मोटार चालू असते, मग थोडा आवाज वाढवायचा, आणि तो परत कमी करायचं राहून जायचं.

एका दुपारी आई समोर येऊन उभी राहिली. मी मान वर केली तर तिने माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवलेली. ती कितीतरी वेळ हाका मारत होती म्हणे. दूध उतू गेलं होतं, तिने स्वतःच गॅस बंद केला होता. तिला राग आला नव्हता. तिने माझ्याकडे बघितलं आणि साधंच बोलल्यासारखी म्हणाली, “तू बी तुझ्या आप्पासारखीच झाली.” आणि परत आत गेली. आप्पा, खांद्यावर दोन बोटं टेकवायची तिची पद्धत मी तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणासाठी कधी पाहिली नव्हती. तुमच्या मागून येऊन ती तसंच करायची, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. तीच दोन बोटं आता माझ्या खांद्यावर होती. मी त्या दिवशी पुढचं काम केलं नाही. फोनवर पोरीला गंमत म्हणून सांगितलं, तर ती हसली नाही. म्हणाली, आई, मी तुला म्हणणारच होते, तू फोनवर दर वाक्याला ‘काय? काय?’ करतेस.

मग जालन्याला कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मला एका छोट्या खोलीत बसवलं. भिंतींना सगळीकडे जाड स्पंज, दार लावलं की झाकण बसल्यासारखी शांतता. हातात एक बटण दिलं, आवाज ऐकू आला की दाबायचं. मी बसले. काहीच नाही. माझा श्वास, माझी घशाखाली उतरणारी थुंकी, आणि त्याच्या पलीकडे काही नाही. काचेतून डॉक्टरची मदतनीस मुलगी दिसत होती, तिचे ओठ हलत होते, ती कोणाला तरी काही सांगून हसत होती. मला ते हसणं दिसत होतं, फक्त दिसत होतं. आप्पा, मी चाळीस-पन्नास वर्षं तुम्हाला ओळखते असं समजून चालले होते, आणि तुम्ही कुठं राहत होतात ते मला त्या खोलीत कळलं. मला वाटलं, बटण दाबायची वेळच येणार नाही. मग फार लांबून, किड्याचा असावा तसा एक बारीक आवाज आला. मी इतक्या जोरात बटण दाबलं की ती मुलगी चमकली.

निकाल वाईट नव्हता. वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणाले डॉक्टर. वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालंय, कानाच्या बाहेरच्या कातडीला घामाने सूज आलीये, ती जाईल. आवाज कमी ठेवा, कान सारखे कोंडून ठेवू नका, मधून मधून विश्रांती द्या. घरात कोणाला कमी ऐकू येत होतं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वडलांना, पण ते लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलमध्ये होते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. जालन्यातल्या कानाच्या डॉक्टरला त्याच्यापुढं काही विचारायचं नसतं.

हे सगळं पोरीला कळल्यावर तिने हा नवा हेडफोन धाडला. खोकं उघडलं तर मला वाटलं, अर्धवटच आलाय. दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला झाकणच नाही. नुसती बारीक काळी जाळी, पीठ चाळायच्या चाळणीसारखी, आणि उजेडाकडे धरलं तर आतलं यंत्र दिसतं. गाद्या रेक्झिनच्या नाहीत, राखाडी मखमलीच्या, वाटीएवढ्या मोठ्या. कान आत मोकळा बसतो, कुठं टेकत नाही. मी तो घातला, गाणं लावलं, आणि बाहेर भाजीवाला ओरडला तो जसाच्या तसा ऐकू आला. पंख्याची कुरकुर ऐकू आली. वर हे पलीकडच्या खोलीतून म्हणाले की मलाही तुझं गाणं ऐकू येतंय. मी लगेच पोरीला फोन केला की बाई, हा फुटका निघाला, परत पाठव. ती हसायला लागली. म्हणाली, फुटका नाही, तो असाच असतो. मागून उघडा. आवाज कानात कोंबायचा नाही, त्याला मागून जायला वाट ठेवायची. म्हणून तो मोकळा वाटतो, म्हणून कान तापत नाहीत. दोन दिवस वापर, मग बोल.

मी वापरला. पहिल्या दिवशी चुकल्यासारखं वाटलं. ढोलकीचा तो छातीत बसणारा दणका नाही, सगळं जरा लांब गेल्यासारखं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाक आवरून, एक जुनी शास्त्रीय गाण्याची रेकॉर्ड लावली आणि मी खुर्चीत हळूच मागे टेकले. आधीच्या हेडफोनमध्ये गाणारा माणूस माझ्या कपाळाच्या आत बसून गायचा. ह्याच्यात तो बाहेर बसला होता. समोर, हाताच्या अंतरावर, थोडा डावीकडे. तानपुरा त्याच्या मागे. तबला उजव्या हाताला, आणि तबलजीने बोट उचललं की मधली हवा ऐकू येत होती. गाणारा श्वास घ्यायचा, तो श्वास कुठून घेतला ते कळत होतं. आणि ह्या सगळ्यात आमच्या लिंबावरचा कावळा मधूनच बोलायचा, तोही त्या मैफलीला आल्यासारखा. आईचा खराटा चालला होता. मला कोणालाच गप्प करावं लागलं नाही. कितीतरी दिवसांनी मी आवाजाची कळ उलट्या बाजूला फिरवली.

आणि डोक्यावर ओझं नाही, आप्पा. वरची पट्टी रुंद आहे, ती डोक्यावर टेकते तेवढीच. चष्मा तसाच राहतो. मखमल कोरडी राहते. एकदा दूधवाल्याने हाक मारली, मी उठून चालू लागले, आणि वायरीने मागून मला ओढून धरलं तेव्हा लक्षात आलं की हे अजून डोक्यावर आहे. आई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, बांधून ठेवलं ते बरं केलं.

शेतकऱ्यांचं बोलणंही आता वेगळं ऐकू येतं. आधी मी शब्द धरायची, माणूस नाही. आता कळतं की हा ओसरीवर बसून बोलतोय, हा झाडाखाली. एक म्हातारा पावसाबद्दल सांगता सांगता उठला आणि चार पावलं चालून परत आला, ते मला कानाने दिसलं. त्याच्या मागे कोणीतरी बाई म्हणाली, चहा झाला, आन् जल्दी या. ते मी आधी कधी ऐकलंच नसतं. ते टाइप करायचं नसतं, पण मी कंसात लिहिते, मागून बाई चहाला बोलावते. कोणी आजवर ते काढून टाका म्हटलेलं नाही.

हे मोकळं ऐकणं सुरू झालं आणि तुम्ही रोज आठवायला लागलात. आधी आठवली ती मिल. मी पाचवी-सहावीत असेन. तुम्ही डबा घरीच विसरला होता आणि आईला ताप होता, म्हणून मी डबा घेऊन निघाले. गेटवरच्या माणसाने मला ओळखलं आणि आत सोडलं. मी शेडच्या दारात उभी आहे. आत अंधार आहे आणि अंधारात लाल सळया धावताहेत. लांबलचक, मऊ असल्यासारख्या, सापासारख्या वळणाऱ्या. माणसं लांब चिमट्यांनी त्यांना पकडून पुढच्या फिरत्या रुळांत घालताहेत, आणि त्या सगळ्याचा आवाज असा आहे की तो कानाने ऐकू येत नाही, दाताला कळतो. मला भीती वाटत नाही. मला ते फार सुंदर दिसतंय. मग तुम्ही मला पाहता. चिमटा शेजारच्याच्या हातात देता, धावत येता, माझ्या दंडाला धरून मला फरफटत रस्त्यापर्यंत बाहेर आणता. तुम्ही मला कधी मारलं नाही, कधी रागावलासुद्धा नाहीत, त्यामुळे तुमचं ते तोंड मी ओळखलंच नाही. तुम्ही ओरडलात, “हात तुटला तर लोकाला दिसतो. कान गेला तर कोणालाच दिसत न्हाई. मंग लोकं म्हणतात, मानूस येडा झाला.”

मग मला रडताना बघून तुम्ही खाली बसलात. खिशातून मशीन पुसायचा कापूस काढला, त्याचे बोळे केले आणि माझ्या दोन्ही कानांत घातले, रस्त्यावर, जिथं आता त्यांची काहीच गरज नव्हती. ग्रीसचा वास होता त्यांना. मी विचारलं की तुम्ही का नाही घालत. तुम्ही म्हणालात की मला घालून चालणार न्हाई, सळई उसळली तर मागचा हाक मारतो, ती ऐकू आली पाहिजे. ते मला बराबर वाटलं. घरी जाईपर्यंत मी बोळे काढले नाहीत. आता डॉक्टरने माझे कान ठीक सांगितले, त्यात त्या रस्त्यावरच्या ओरडण्याचा वाटा किती, ते मला मोजता येणार नाही. पण मी नंतर कधी त्या शेडमध्ये गेले नाही आणि लग्नात बँडच्या पुढं कधी नाचले नाही.

आणि ती हाक तुम्हाला ऐकू आली नाही. मी कॉलेजला होते तेव्हा. सळई उसळली, मागच्याने हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. त्याने तुमची कॉलर धरून मागे ओढलं म्हणून पोटरीवर निभावलं. दवाखान्यात तुम्ही खाटेवर बसला होता, पायाला पट्टी, चहा पीत. आम्ही समोर उभ्या, आई आणि मी. डॉक्टर तुमच्या मागे गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. शेजारच्या खाटेवरचं मूल दचकून रडायला लागलं. आम्ही तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आमच्याकडे पाहून हसलात, आणि बशीतला चहा संपवलात. मी आईचा हात धरला. तो गार पडला नव्हता, थरथरत नव्हता. तिला माहीत होतं, एवढंच मला त्या हातावरून कळलं. किती दिवसांपासून, ते तेव्हा विचारलं नाही.

त्यानंतर तुम्हाला गेटवर बसवलं. सगळ्यांना वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही तर खुलला. सावली, खुर्ची, येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम, आणि गाड्यांचे नंबर लिहायचे. घरी आलात की रेडिओ, आणि रेडिओ पुऱ्या आवाजात. शेजारच्यांच्या मुलांची परीक्षा होती. ती माणसं भली, दारात येऊन नुसती उभी राहिली. त्यांना काही बोलायलाच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉकमन घेऊन आलात, स्पंजच्या कानांचा. मोठ्या समाधानाने आम्हाला सांगितलंत की आता कोणाला तकलीप न्हाई, माझं मी ऐकीन, तुमचं तुम्ही वाचा. आणि तो कानाला लावून, आवाज पार शेवटपर्यंत फिरवून, भिंतीला टेकून बसलात. आप्पा, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या स्पंजातून सगळं बाहेर येत होतं. बारीक, पत्र्यावर सुई घासल्यासारखं, पण सगळं गाणं, शब्द न शब्द. तुम्ही डोळे मिटून बसायचात. आई त्याच तालावर भाकर थापायची. मी तुमच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायची आणि गळणारं गाणं ऐकायची. माझं अर्धं बी.ए. त्या गाण्यांवर झालं. एकदा कॅसेट संपली आणि आम्हा दोघींचे हात थांबले, तेव्हा तुम्ही डोळे उघडून आमच्याकडे पाहिलंत, आणि आम्ही दोघी घाईने कामाला लागलो. तुम्हाला संशय आला असेल का, ते मला अजून ठरवता येत नाही.

हा नवा हेडफोन गेल्या आठवड्यात आईच्या डोक्यावर चढवला. ती नकोच म्हणत होती, अंबाडा मोडेल म्हणून. मी पट्टी मोठी केली, जपून बसवला. गाणं न लावता एका शेतकऱ्याचं बोलणं लावलं, भोकरदनकडचा माणूस, बोलणं तुमच्याच वळणाचं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली की हा मानूस बांधावर बसून बोलून राह्यला, आन् मागं त्याची मेंढरं हायेत. मी ते दहादा ऐकलं होतं आणि मला त्यांच्या गळ्यातल्या घंटा कळल्या नव्हत्या. मी परत ऐकलं. होत्या. तुम्ही लहानपणी मेंढरं राखायचात, हे तिनेच सांगितलं मग परत, तुम्ही डोंगराच्या पलीकडच्या बाजूला असलात तरी आपली कोणती मेंढी वाट चुकली ते घंटेवरून ओळखायचात. मी म्हटलं, आप्पांना असलं काही मिळायला पाहिजे होतं. ती म्हणाली, आता मिळून काय, तवा बी उपेग नव्हता. आणि मग जाळीवर बोट फिरवत, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, “तू दर ऐतवारी भजन म्हणायची, ते त्यांना ऐकू यायचं असं वाटायचं का तुला?”

मी म्हटलं, हो. ते मान डोलवायचे. सम आली की हात खाली आणायचे.

“मी डोलवायची,” आई म्हणाली. “मी समोर बसायची ना चुलीपाशी. मला पाहून ते डोलवायचे.”

मला ते बसणं दिसलं. मी मध्ये, पेटीशिवाय, मांडीवर ठेका धरून. एका बाजूला तुम्ही, एका बाजूला ती, आणि तुमची नजर कायम माझ्यावरून पलीकडे. मला वाटायचं तुम्ही दोघं कौतुकाने एकमेकांकडे बघताय. आईने मग बाकीचं सांगितलं, भाजी निवडावी तसं, एकेक. माझा मोठेपणचा आवाज तुम्ही कधी ऐकलाच नव्हता. बारीक आवाज आधी गेले, पोरांचे, बायकांचे, पाखरांचे. त्यात मी गेले. तुम्ही तिला एकदाच ते सांगितलं होतं आणि मला सांगू नको म्हणाला होता, पोर गाणं सोडून देईल म्हणून. तुमच्या कानात राहिला होता तो माझा लहानपणचा आवाज. तोच तुम्ही शेवटपर्यंत ऐकत होता. गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात म्हणे, माझ्या पोरीचा आवाज घंटीवानी हाये.

आप्पा, मला हसूच आलं. कारण तुम्हाला माहीत नाही, माझा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षीच घोगरा झाला. शाळेत मला नाटकात पाटलाचं काम द्यायचे. गेटवरच्या त्या लोकांनी मला डबा घेऊन येताना पाहिलंय, माझ्याशी बोललेत. तुम्ही घंटी म्हणायचात आणि ते बिचारे मान हलवायचे. त्यातल्या एकानेही तुम्हाला सांगितलं नाही. मी हे आईला म्हटलं तर ती इतकी हसली की हेडफोन तिच्या मानेवर घसरला, आणि त्या भोकरदनच्या माणसाचं बोलणं तिच्या गळ्यापाशी चालूच राहिलं. आम्ही दोघी हसत होतो आणि तो सांगत होता की यंदा सोयाबीनला पाणी कमी पडलं.

नंतर मी अंगणात जाऊन बसले. माझ्याशी कोणी इतकी वर्षं असं वागलं, ह्याचं काय करायचं असतं, ते मला सुचत नव्हतं. राग शोधून पाहिला, नव्हता. तुम्ही ऐकायचं सोंग केलंत आणि आम्ही न ऐकायचं. आपली खोली एवढीशी, एकाचा हात लांब झाला की दुसऱ्याला लागायचा, आणि त्यात आपण तिघं एकमेकांना सांभाळत इतकं काही लपवून राहिलो. मला तो संसार वाईट वाटत नाही. आता आठवला की बरं वाटतं. ह्या हेडफोनबद्दल पोरीने सांगितलं होतं की ज्याला एकांत पाहिजे त्याने हा घेऊ नये. मला एकांत कधी नकोच होता बहुतेक. मला काम करता करता घरात कोण काय करतंय ते कळलेलं बरं वाटतं. आत्ता संध्याकाळची गाडी स्टेशनात शिरते आहे. आई पलीकडे देवापाशी वात करून राह्यली. हे फोनवर कोणाला तरी शाळेच्या सुट्ट्या सांगताहेत. सगळं येतंय, जाळीतून, आपापल्या जागेवरून.

हे मी कोणाला दाखवणार नाही. आईला वाचून दाखवावं असं मघा वाटलं, पण ती म्हणेल की त्यांना सगळं ठाऊक होतं, उगाच कशाला लिहीत बसली. संगणकात शेतकऱ्यांच्या बोलण्याच्या फायली आहेत, त्यांच्यातच ठेवून देते. एवढं एक कबूल करते, आप्पा. पोरगी विचारते की कोणती गाणी ऐकतेस, आणि मी तिला काहीबाही नावं सांगते. काम संपल्यावर पुष्कळदा मी काहीच लावत नाही. आत्ताही लावलेलं नाही. हे सगळं लिहून होईपर्यंत हेडफोन नुसताच डोक्यावर होता.